पार्सलवर 'गिफ्ट' लिहिलं आणि माझे पॉइंट शूज २१ दिवस कस्टम्समध्ये

आधी हेच सांगते, परदेशातून कोणी तुम्हाला पॉइंट शूज, म्हणजे बॅलेत पायाच्या टोकावर उभं राहायचे बूट, पाठवत असेल तर पार्सलवर 'गिफ्ट' लिहू देऊ नका. ऑडिशनच्या तोंडावर माझे २१ दिवस त्यात गेले, अजून आठवलं की डोकं तापतं.

मी १९ वर्षांची, कोथरूडला राहते. युरोपातल्या एका बॅले कंपनीत ट्रेनीच्या जागेसाठी अर्ज केला होता. फॉर्म, फोटो, सीव्ही दोन दिवसांत झालं. राहिला व्हिडिओ. त्यात बार (दांडा धरून करायचा सराव), सेंटर (दांड्याशिवाय मोकळ्या जागेत), पॉइंटवरचं काम आणि एक व्हेरिएशन, म्हणजे एकटीचा नाच, द्यायचं होतं, मी 'जिझेल' या बॅलेच्या पहिल्या अंकातलं घेतलं. त्यात डाव्या पायाच्या टोकावर उड्या मारत तिरकं पुढे जायचं असतं, सगळं वजन एका बुटावर, आणि माझा नेमका डावा बूट मेलेला. मेलेला म्हणजे शँक, तळव्याखालची कडक पट्टी, मऊ पडलेली, अशा बुटावर उड्या मारल्या तर घोटा जातो. लोकांना वाटतं आत लाकूड असतं, तसं नाही, बोटांभोवतीचा पुढचा कडक भाग, बॉक्स, कापड, कागद आणि खळीचे थर देऊन करतात, तो घामाने भिजतो आणि पुण्याच्या जुलैत वाळतच नाही. मोठ्या कंपन्यांत मुख्य भूमिका करणारीची एका प्रयोगात एक जोडी संपू शकते, मी एक जोडी दीड महिना ओढत होते.

मला लंडनच्या फ्रीड या बूट बनवणाऱ्या कंपनीचे बूट बसतात. तिथे प्रत्येक कारागिराची स्वतःची खूण तळाला असते आणि एकदा एकाच्या हातचा बूट पायाला बसला की दुसऱ्याचा नको वाटतो. मामेबहीण तिकडेच असते, तिने दोन जोड्या कुरिअर केल्या. ताई दरवर्षी माझ्या भावाला राखी पाठवते, ती नीट येते, म्हणून तिने यावरही 'गिफ्ट' लिहिलं आणि पावती घातलीच नाही.

पार्सल चौथ्या दिवशी मुंबईत. नंतर ट्रॅकिंगवर रोज तीच ओळ, क्लिअरन्स सुरू आहे. फोन केला तर केवायसी द्या म्हणाले. आधार दिलं, त्यावर साताऱ्याचा पत्ता, म्हणून परत. लाईट बिल घरमालकाच्या नावावर, तेही परत. शेवटी बाबांच्या नावाचा भाडेकरार आणि त्यांचंच आधार दिलं तेव्हा केवायसी झालं, त्यात आठ दिवस गेले. मला वाटलं आता सुटलं. नाही! मग वस्तू काय आहे विचारलं, मी फोटो मेल केले. दोन दिवसांनी दुसऱ्याने तेच विचारलं, परत मेल केले. प्रत्येक वेळी नवा माणूस, पहिल्यापासून सगळं सांगा, आणि "मॅडम, वेट करा". वेट कसली करू, कंपन्या १८-१९ च्या मुली घेतात, पॅरिस ऑपेरात तर ४२ ला रिटायर करतात, आमच्यासाठी एक सीझन हुकणं लहान गोष्ट नाही. रडलेसुद्धा एकदा फोन ठेवून.

सतराव्या दिवशी एका दादांनी नीट सांगितलं की डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून ड्युटी माफ होत नाही, त्यातून फक्त राख्या आणि जीवरक्षक औषधं वगळली आहेत. पावती द्या, ड्युटी भरा, पार्सल सुटेल. हे वाक्य पहिल्याच फोनवर कोणी बोललं असतं तर! ताईने तासाभरात पावती पाठवली, मी लगेच ड्युटी भरली. गुरुवारी दुपारी बूट हातात, रविवारी शेवटची तारीख.

मधल्या काळात मी मऊ तळाच्या साध्या बॅले स्लिपरवर सराव चालू ठेवला, पण उड्या फरशीवर मारू नका, लाकडी फ्लोअरचा हॉल तासाने भाड्याने घ्या. आणि जुना बूट टाकू नका, शँकला आतून सुपरग्लू लावून रात्रभर सुकवला की बारच्या शूटपुरता चालतो, माझा चालला. हां, केवायसीचं राहिलं, पार्सल ज्याच्या नावाचा पत्त्याचा पुरावा आहे त्याच्याच नावाने मागवा.

गुरुवारी रात्री आईने आणि मी मिळून चारही बुटांना रिबिनी शिवल्या. शुक्रवारी बूट पायाला सरावले, शनिवारी शूट, तिसऱ्या टेकला उड्या न अडखळता गेल्या. रविवारी सकाळीच व्हिडिओ पाठवला, पुढच्या फेरीचं बोलावणं आलंय. ताईला दोन जोड्या अजून सांगितल्यात, पावती पार्सलच्या बाहेर चिकटवायला सांगून.