डबल्समध्ये साइडलाइन दोन असतात : लाइन अंपायर म्हणून माझा अनुभव

मी सांगलीकडच्या एका शाळेत पीटी शिकवते आणि जमेल तेव्हा टेनिस मॅचेसना लाइन अंपायर म्हणून उभी राहते, म्हणजे बॉल लाइनच्या आत पडला की बाहेर ते सांगते. पुण्यात बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्र ही मोठी स्पर्धा व्हायची तेव्हा तिथेही होते. बरेच जण विचारतात की तिथपर्यंत पोचलीस कशी, ओळख होती का कुणाची. ओळखबिळख काही नव्हती हो, रांगेतूनच गेले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आणि लिहिताना डबल्सबद्दल जास्त लिहिणारे कारण खरी परीक्षा तिथे होते, सिंगल्स त्यामानाने सोपं.

सुरुवात राज्य संघटनेच्या ऑफिशिएटिंग स्कूलपासून होते. स्कूल म्हणजे क्लबच्या हॉलमध्ये वर्ग, नियमांचं पुस्तक, मग कोर्टवर प्रॅक्टिकल आणि शेवटी पेपर. मला वाटलं होतं कॉलेजपासून टेनिस खेळतेय, नियम काय नवीन असणार. पण पेपरात निम्मे गमतीचे प्रश्न डबल्सवर. सर्व्हिस सर्व्हरच्याच पार्टनरला लागली तर काय? फॉल्ट, म्हणजे सर्व्हिस बाद. आणि टप्पा पडायच्या आत रिसीव्हरच्या पार्टनरला लागली तर? पॉइंट सर्व्हरचा. रिसीव्ह करणाऱ्यांची बाजू चुकून अदलाबदल झाली आणि मधेच लक्षात आलं तर लगेच बदलायची नाही, तो गेम तसाच संपवायचा. माझ्या शेजारी एक काका बसलेले, वीसेक वर्षं क्लबात डबल्स खेळणारे, ते प्रत्येक उत्तराला "अहो पण आम्ही तर असं नाही करत" म्हणायचे.

डोळ्यांचं सर्टिफिकेट लागतं, चष्मा असला तरी चालतो पण चष्म्यासकट नजर पक्की हवी. आणि आवाज. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आमचं काम दोनच शब्दांचं, "आउट" आणि "फॉल्ट", बाकी फूट फॉल्ट वगैरे क्वचित. पण तो "आउट" असा यायला पाहिजे की पलीकडच्या बाजूच्या खेळाडूलाही शंका राहू नये. आधी आवाज, मग हात. हात बॉल ज्या बाजूला बाहेर गेला त्या बाजूला सरळ. बॉल आत असेल तर बोलायचं काहीच नाही, फारच जवळचा असेल तर दोन्ही तळवे खाली करून दाखवायचं. पीटीची शिक्षिका म्हणून आवाजाचं टेन्शन नव्हतं, पण मैदानावरचं ओरडणं लांबट असतं आणि हे पाहिजे तुटक, ते बदलायला मी गच्चीवर जाऊन प्रॅक्टिस केली. खालच्या वहिनींनी दोनदा वर येऊन विचारलं, कोणाला बाहेर काढताय एवढं.

त्यानंतर ज्युनियर स्पर्धा, मग छोट्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा, उन्हात उभं राहायचं, चीफ अंपायर तुमच्याबद्दल शेरे लिहिणार, त्या शेऱ्यांवर पुढचं बोलावणं. हा टप्पा सगळ्यात लांब आणि त्यात सांगण्यासारखं सगळ्यात कमी. दिवसाचा भत्ता मिळतो, त्यात कुणी श्रीमंत होत नाही.

आता टाटा ओपन. ही स्पर्धा आधी चेन्नईला व्हायची, २०१८ पासून पुण्यात आली, म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. एटीपी म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टूरवरची, २५० दर्जाची, आणि तेव्हा देशातली त्या पातळीवरची एकच. उपलब्ध आहात का असा मेसेज आला, हो कळवलं, मग बराच काळ काही नाही, आणि एकदम यादीत नाव. मी २०१९ च्या स्पर्धेला गेले, जी सुरू झाली ३१ डिसेंबरला. शाळेतून रजा मागताना "थर्टी फर्स्टला रजा" ऐकून सगळ्यांनी जे चेहरे केले ते सोडा.

पहिल्याच मीटिंगमध्ये चीफने सांगितलं की नवीन लोकांना बाहेरच्या कोर्टवर पाठवणार, आणि बाहेरच्या कोर्टवर डबल्सच जास्त. मी मनात म्हटलं बरंच झालं, तिथे कॅमेरे कमी. पण काय सांगू.

सिंगल्सला साइडलाइनवर उभं राहिलात तर लाइन एकच. डबल्सला सर्व्हिस पडते तेव्हा ती ज्या चौकटीत पडायला हवी त्या बॉक्सची बाहेरची कड म्हणजे सिंगल्सचीच साइडलाइन. पण सर्व्हिस आत पडली की त्याच क्षणापासून ती लाइन मेली, आता बाहेरची लाइन जिवंत. दोन्हीत अंतर १.३७ मीटर. म्हणजे तुम्ही आतल्या लाइनच्या रेषेत उभे राहून सर्व्हिस बघायची आणि ती बरोबर आहे असं कळताक्षणी सरकून बाहेरच्या लाइनच्या रेषेत जायचं, कारण रिटर्न क्रॉस म्हणजे तिरका मारला तर तो नेमका त्या गल्लीतच येणार आणि तोपर्यंत तुमची नजर लाइनवर स्थिर पाहिजे. बॉलच्या मागे डोळे नाचवले की संपलं, बॉल कुठे जाणार हे ओळखून लाइनकडे आधी बघायचं आणि बॉलला येऊ द्यायचं, हे आम्हाला स्कूलमध्ये शंभरदा सांगितलेलं. पण ते सरकणं अंगात मुरायला वेळ लागतो. सरकताना खांदा हलता कामा नये, खेळाडूच्या नजरेच्या कोपऱ्यात आपण हललेलं दिसता कामा नये. मी रूमवर फरशीच्या दोन रेषा धरून सरकत बसायचे, रूममेट दिल्लीहून आलेली अनुभवी अंपायर, ती हसायची आणि मग तीच उठून दाखवायची की डावा पाय आधी टाक.

दुसरं म्हणजे गर्दी. चार माणसं, त्यातली दोन-तीन कायम नेटवर. सर्व्हरचा पार्टनर कधी कधी अगदी मधल्या लाइनवर वाकून बसतो, आय फॉर्मेशन म्हणतात त्याला, आणि सर्व्हिस त्याच्या डोक्यावरून जाते. मधल्या लाइनवर ड्युटी असेल तर कोण कधी आडवं येईल नेम नाही. दिसलं नाही तर दोन्ही हातांनी डोळे झाकून दाखवायचं, म्हणजे मला दिसलं नाही, खुर्चीतल्या, म्हणजे मॅचच्या मुख्य अंपायरने ठरवावं. सिंगल्सला हा इशारा मला जवळपास वापरावाच लागला नव्हता. पण मागे उभं राहायचा एक फायदा, नेटवरचा माणूस पाठीमागे बोटांनी पार्टनरला जे इशारे करतो ते आपल्याला आयते दिसतात. सर्व्हिस कुठे, तो क्रॉस जाणार की थांबणार, सगळं. एक-दोन मॅचनंतर मला अंदाज यायला लागला, आणि मग चेहरा कोरा ठेवणं हे वेगळं काम होऊन बसतं.

आणि वेग. एटीपीच्या डबल्सला अ‍ॅडव्हान्टेज नाही, म्हणजे सलग दोन पॉइंट जिंकायची अट नाही, ४०-४० झालं की एकच पॉइंट, कुठल्या बाजूला घ्यायचा ते रिसीव्ह करणारी जोडी ठरवते. एकेक सेट झाला तर तिसरा सेटही नाही, त्याऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक, दोनचा फरक मात्र हवा. त्यामुळे त्या एका पॉइंटला तुमच्या लाइनवर बॉल पडला तर अख्खा गेम तुमच्या एका शब्दावर. प्रेक्षकांना मजा येते, लाइनवरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

मॅच कधी सुरू होणार हेही धड माहीत नसतं. डबल्सच्या काही खेळाडूंची त्याच दिवशी सिंगल्सही असते, मग शेड्यूलवर "पुरेशा विश्रांतीनंतर" असं लिहून येतं. म्हणजे आम्ही ऑफिशियल्सच्या रूममध्ये चहा पीत बसलेलो, तिकडे सिंगल्स तिसऱ्या सेटमध्ये गेली, डबल्स पुढे गेली, कोर्ट बदललं, चला उठा. तासाभराने टीम बदलते, परत चहा. पुण्याची जानेवारीतली संध्याकाळ, अर्ध्या बाह्यांचा युनिफॉर्म, चहाशिवाय गत्यंतर नव्हतं.

त्या वर्षी डबल्सला गर्दी कशाला होती ते टेनिसवाल्यांना आठवत असेल. रोहन बोपण्णा आणि दिविज शरण जोडी म्हणून नवीनच एकत्र आलेले, आणि क्वार्टर फायनलला समोर लिएंडर पेस, मेक्सिकोच्या रेयेस-वारेलाबरोबर. पब्लिकला कळेना टाळ्या कुणाला वाजवायच्या, दोन्हीकडे आपलेच. मी ड्युटीवर नव्हते, मागे उभी राहून बघितली, तरी नजर सारखी लाइनवरच. बोपण्णा-शरण जिंकले आणि फायनलला ब्रिटनच्या बॅम्ब्रिज आणि ओमारा जोडीला ६-३, ६-४ हरवून ट्रॉफीही त्यांनीच घेतली. पुढे २०२२ ला बोपण्णा परत जिंकला, तेव्हा बरोबर रामकुमार रामनाथन. आपल्याकडे एटीपी सिंगल्सची ट्रॉफी दुर्मिळ आणि डबल्समध्ये माणसं पिढ्यानपिढ्या जिंकतायत, तरी पेपरात डबल्सचा निकाल खालच्या कोपऱ्यात दोन ओळींत. माझा हा राग जुना आहे, असो.

२०२३ नंतर ही स्पर्धा पुण्यातून गेली, तिची जागा हाँगकाँगला मिळाली. त्यात २०२५ पासून एटीपी टूरने लाइन कॉलिंग पूर्ण इलेक्ट्रॉनिक केलं, त्या पातळीवर लाइनवर माणूसच नाही. मशीनला सरकावं लागत नाही, आड कोण आलं याने फरक पडत नाही, आणि ते बरोबर सांगतं हे मला मान्य आहे. चिडचिड होते ती वेगळ्या कारणाने, नवीन पोरींनी आता मोठ्या कोर्टवर पहिलं पाऊल टाकायचं कुठून? आम्ही लाइनवरून खुर्चीतल्या अंपायरकडे बघून बघून शिकलो.

म्हणून आता जे विचारतात त्यांना मी थेट चेअर अंपायरच्या, म्हणजे खुर्चीतल्या अंपायरच्या मार्गाला लागा म्हणते. राज्य पातळीचा कोर्स, क्लबच्या आणि ज्युनियर मॅचेस, मग राष्ट्रीय, मग व्हाइट बॅज, म्हणजे अंपायरचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. ज्युनियर स्पर्धांना डबल्सच्या मॅचेस मागून घ्या, संध्याकाळी उरलेल्या असतात आणि कुणाला नको असतात. आणि डोळ्यांचं सर्टिफिकेट आधी काढून ठेवा, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी डॉक्टर गावाला गेलेले असतात.