खारा वारा किती वाजता येतो

बावीस वर्षं मी फळ्यावर एकच चित्र काढत आले. डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन, वर सूर्य आणि समुद्राकडून जमिनीकडे जाणारे तीन बाण. खाली लिहायचं, खारे वारे. मग सूर्य पुसून चंद्रकोर काढायची, बाण उलटे करायचे आणि लिहायचं, मतलई वारे. दिवसा जमीन लवकर तापते, रात्री लवकर निवते, म्हणून असं होतं. दोन गुणांचा प्रश्न.

एका वर्षी तिसऱ्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "बाई, हा बाण किती वाजता फिरतो?" मी म्हणाले, "तेवढं परीक्षेला विचारत नाहीत." त्या उत्तराची मला नंतर फार लाज वाटली. मला ते माहीतच नव्हतं. ठाण्यात वाढले, गिरगावात शिकले, मुंबईत नोकरी केली, पण समुद्रावरचा वारा मी फक्त वाचला होता.

तोच मुलगा २०१७ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भेटला. खाडीपलीकडच्या बंदरात नोकरीला लागला होता आणि रविवारी मुंबई बंदरात एका क्लबच्या शिडाच्या होड्या चालवत होता. म्हणाला, "बाई, तुमच्या त्या बाणाचं उत्तर मला मिळालं. बघायला या." मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते. पोहता येत होतं, बाकी पाण्याशी काही संबंध नव्हता. घरी म्हणाले, जाऊन बघते. तेव्हापासून दर वर्षी ऑक्टोबर ते मे मी त्या होड्या चालवायला रविवारी पहाटेची लोकल पकडते.

लोक विचारतात, यात असं काय आहे? तास-दीड तास होडीत भिजायचं, हाताला घट्टे पाडून घ्यायचे आणि निघालो तिथेच परत यायचं. आमच्यातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं असेल. एक शल्यचिकित्सक येतात, त्यांना फोन किनाऱ्यावर राहतो हेच पुरेसं वाटतं. कॉलेजातली दोन मुलं फक्त शर्यतीसाठी येतात. माझं उत्तर असं, की जे डोळ्यांना दिसत नाही ते हाताला कळायला लागतं. दोरी हातात असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला वारा असतो.

आम्ही जी होडी चालवतो तिला एंटरप्राइज म्हणतात. चार मीटरच्या जरा वर लांबी, दोन माणसांची, निळ्या शिडांची. मागे बसलेल्याकडे सुकाणू आणि मोठं शीड, पुढच्याकडे छोटं शीड आणि होडीचा तोल. मधोमध एक फळी असते, ती खाचेतून खाली पाण्यात सोडायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, शीड हेच काय ते महत्त्वाचं. ती फळी नसेल तर होडी केळीच्या सालीसारखी आडवी घसरत जाते, हे तिसऱ्या रविवारी कळलं.

वाऱ्याच्या विरुद्ध होडी कशी जाते, हे मला वर्गात कुणी विचारलं असतं तर मी गोंधळले असते. आता मी सीताफळाची बी दाखवते. ओली बी दोन बोटांत दाबली की सुळकन पुढे निसटते. बोटं दाबतात आडवी, बी जाते पुढे. होडीचं तसंच आहे. एका बाजूने वारा शिडाला रेटतो, दुसऱ्या बाजूने पाणी त्या फळीला अडवतं, आणि मध्ये सापडलेली होडी पुढे सटकते. अर्थात शिडाचा फुगीर आकार विमानाच्या पंखासारखं काम करतो हेही खरं, पण हाताला जे जाणवतं ते सीताफळाच्या बीसारखंच.

थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुठलीच शिडाची होडी जात नाही. साधारण पंचेचाळीस अंश बाजूला ठेवावे लागतात. म्हणून नागमोडी जायचं, आधी डावीकडे, मग नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवून उजवीकडे. एक किलोमीटर वर जायचं तर पाण्यावर साधारण एक पूर्णांक चार किलोमीटर कापावे लागतात. नववीच्या मुलांना मी हे काटकोन त्रिकोण काढून सांगते, आणि भूगोलाच्या तासाला भूमिती कशाला असं अजून कुणी विचारलेलं नाही.

शब्दांची मोठी गंमत झाली. क्लबात सगळे शीड आवरायच्या दोरीला शीट म्हणतात. मला महिनाभर कळेना की कापडाला शीट म्हणायचं की दोरीला. होड्या सांभाळणारे तांडेलकाका कोळीवाड्यातले. ते म्हणाले, "आमी दामण बोलतो. माजा बापूस शिडाच्या होडीवर होता, तवा इंजिन कोनाकडं होतं?" त्यांच्या वडिलांच्या हयातीतच मच्छीमारीच्या होड्यांवर मोटर आली आणि शिडं गेली. आज मुंबईच्या पाण्यात शीड दिसतं ते बहुतेक हौशी लोकांचं, याचं मला वाईट वाटतं. दामण, परबाण म्हणजे शिडाची आडवी काठी, नाळ हे शब्द मी त्यांच्याकडून वहीत उतरवून घेतले आहेत आणि होडीवर तेच वापरते. माझा विद्यार्थीही आता "बाई, दामण सैल" असंच ओरडतो.

वारा ओळखायलाही काकांनीच शिकवलं. मी झेंड्याकडे बघत होते. ते म्हणाले, "बाय, वारा डोल्यानी नाय, कानानी बघाचा." डोळे मिटून मान हळूहळू फिरवायची. दोन्ही कानांत सारखाच आवाज आला की वारा बरोबर नाकासमोर. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी गेटवेजवळच्या धक्क्यावर उभी होते. माझ्याभोवती घारापुरीच्या लाँचसाठी रांग लागली होती, आणि मी तिथे डोळे मिटून एकदम ईशान्येकडे तोंड करून हसत होते.

भरती-ओहोटीचा हिशेबही त्यांचाच. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. ढोबळ आहे, नेमक्या वेळा बंदराच्या कोष्टकात बघायच्याच, पण डोक्यात चित्र उभं राहायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. मी कालनिर्णय पाहून वर्षाचे रविवार लावते.

आता तो दिवस सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले. मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी होती. भरती नऊला, म्हणजे ओहोटी नऊ ते तीन आणि बाराच्या सुमाराला तिचा जोर सगळ्यात जास्त. आम्ही साडेनऊला निघालो. पहाटेपासूनचा मतलई चालू होता, जमिनीवरून ईशान्येकडून येणारा, थंड आणि एकसारखा. मला हा वारा फार आवडतो. तो धसमुसळेपणा करत नाही. मी सुकाणूवर होते, माझा विद्यार्थी पुढे. पाणी जेमतेम सुरकुतलेलं, शिडावर चिकटवलेले लोकरीचे दोन्ही धागे सरळ मागे. होडी आपोआप चालल्यासारखी उरणजवळच्या करंजाच्या डोंगराच्या रोखाने गेली.

सव्वाअकराला धागे लोंबले. आधी वरचा, मग खालचा. शीड एकदा हललं आणि ओल्या चादरीसारखं गप्प झालं. मतलई संपला होता. पाणी तेलकट दिसायला लागलं, ऊन अंगावर आलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की नांगरलेलं एक मालवाहू जहाज आमच्या शेजारून सरकतंय. जहाज जागेवरच होतं. ओहोटी आम्हाला दक्षिणेला, बाहेरच्या समुद्राकडे नेत होती. कुलाब्याच्या दक्षिण टोकाचं प्राँग्जचं दीपगृह हळूहळू मोठं दिसायला लागलं.

मी घाबरले. क्लबची मोटरबोट लांब होती, हात केला असता तर आली असती. मी म्हणाले, "बोलावू या का?" तो म्हणाला, "बाई, बारा वाजतायत. बाण फिरायची वेळ झाली."

आम्ही वल्ह्याने होडी जहाजापासून लांब घेतली आणि बसून राहिलो. माझी बाटली संपली, त्याची अर्धी उरली. बोलणं नव्हतं. मी मान फिरवून दोन्ही कान लावून बघत होते, आणि कुठल्याच कानात काही नव्हतं. शहर समोर तापत होतं. इतकी वर्षं मी फळ्यावर काढलेली ती तापणारी जमीन, तिच्यावरून वर चढणारी हवा, ती जागा भरायला पलीकडून निघालेला वारा, हे सगळं त्या वेळी खरोखर चालू होतं, आणि मी त्या दोन बाणांच्या मधल्या पांढऱ्या जागेत बसले होते.

बारा चाळीसला त्याने बोट दाखवलं. कुलाब्याच्या टोकाशी पाण्यावर एक काळसर रेघ दिसत होती. आधी वाटलं, सावली. रेघ रुंद झाली, जवळ आली, तिच्यामागचं पाणी सगळं खरखरीत होतं. डाव्या गालाला गार लागलं. मग वास आला, मीठ आणि सुकी मासळी. शीड एका झटक्यात भरलं, दामण माझ्या हातातून वीतभर निसटली आणि होडी कलली. आम्ही दोघं एकदम काठावर बाहेर झुकलो.

तो वायव्येचा खारा होता. आम्हाला जायचं होतं उत्तरेला, समोर ओहोटी होती आणि वाराही जवळजवळ तोंडावर. पहिला तासभर आम्ही नागमोडी फेऱ्या मारून जिथल्या तिथे होतो. शहराच्या जवळ आल्यावर वारा तुकड्यातुकड्यांनी यायला लागला. ताजच्या आडोशाला तो दम धरतो, गल्लीच्या तोंडाशी अचानक धडकतो. तशाच एका झोताला मी दामण सैल करायला उशीर केला आणि आम्ही पाण्यात गेलो. मुंबई बंदराच्या पाण्याला डिझेलची चव आहे. फळीवर उभं राहून होडी सरळ केली, ती पाण्याने काठोकाठ भरून वर आली, आणि बादलीने पाणी उपसायला पाऊण तास लागला. तीनला ओहोटी थांबली, पाणी वळलं, आणि त्या भरतीने आम्हाला आत आणलं. चार वाजता तांडेलकाकांनी दोरी झेलली आणि विचारलं, "खारा कवा आला?" मी सांगितलं, बारा चाळीस. त्यांनी मान डोलावली. माझ्या आयुष्यात कुठल्याही परीक्षेच्या निकालाने मला एवढा आनंद दिलेला नाही.

त्या दिवसापासून मी वही ठेवते. तारीख, तिथी, मतलई कधी पडला, खारा कधी आला. वर्गात आता मी बाणांशेजारी वेळा लिहिते.

हा श्रीमंतांचा छंद आहे, असं मला नातेवाईक ऐकवतात. स्वतःची होडी घ्यायची तर तसा आहेच. माझी नाही, आणि मी घेणारही नाही. क्लबच्या जुन्या होड्यांवर शिकता येतं, चालवता येतं. आणि हे आपल्या लोकांचं नाही, असं कुणी म्हटलं की मी दिलीप दोंदे यांचं नाव घेते. २००९ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, ते मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईलाच परतले. शिडाच्या होडीतून एकट्याने हे करणारे पहिले भारतीय. त्यांची होडी 'म्हादेई' बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांनी. गर्जणारे चाळीस, म्हणजे दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या पुढे वाहणारे जोरदार पश्चिमी वारे, शिकवताना मी नकाशावर त्यांचा मार्ग काढते. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन. २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी 'तारिणी' ही शिडाची होडी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला गेल्या, तेव्हा मुलींनी वर्गातल्या नकाशावर आठ महिने टाचण्या पुढे सरकवल्या.

येत्या रविवारी अष्टमी आहे. भरती सकाळी सहाला, ओहोटी बारापर्यंत. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, पाण्याला फार ओढ नसणार. म्हणजे मतलई आणि ओहोटी घेऊन बाहेर जायचं, बाराला थांबायचं, आणि खारा आला की भरतीबरोबर घरी. पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घेणार आहे.