१९३३ च्या पिक्चरपायी बालातोनला

लोक हंगेरीतल्या बालातोन तलावाकाठच्या तिहानला लॅव्हेंडर बघायला जातात, मी गेलो ते 'ईतेल अ बालातोन' (म्हणजे 'बालातोन निवाडा करतो') हा पिक्चर डोक्यात बसला होता म्हणून. पाल फेयोशचा १९३३ चा हंगेरियन बोलपट, त्याचीच जर्मन आवृत्ती 'मेन्शेन इम श्टुर्म'. तलावाकाठच्या कोळ्यांची गोष्ट, पोरीचा जीव एकावर, लग्न दुसऱ्याशी, आणि निवाडा करणार तलाव. फेयोश हाही भारी माणूस, शिकला डॉक्टरी, हॉलिवूडात पिक्चर काढले, मग सगळं सोडून मानववंशशास्त्रात गेला.

तेव्हा डबिंगची नीट सोय नव्हती, त्यामुळे एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा शूट करायची. आपल्याकडे प्रभातनी १९३२ ला 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदीत केला तो ह्याच पद्धतीने. हंगेरीचं मार्केट छोटं, जर्मन आवृत्ती काढली की बाहेरही खपणार, हिशोब सरळ आहे. नट बदलता येतात, तलावाला मात्र कुठलीही भाषा चालते!

बुडापेस्टहून ट्रेनने बालातोनफ्युरेद, तिथून बस. फ्युरेदला टागोर १९२६ मध्ये हृदयाच्या उपचारासाठी राहिले होते, त्यांनी लावलेलं झाड आणि त्यांच्या नावाचा काठावरचा रस्ता आहे, तिथे एक चक्कर मारून पुढे निघालो. तिहानचा मठ १०५५ चा, तळघरात हंगेरीचा राजा आंद्राश याची कबर, पण खरं सांगू, मठापेक्षा त्याच्यामागच्या कठड्यावरून खाली दिसणारं पाणीच जास्त वेळ बघत बसलो. दुधाळ हिरवट रंग, सत्याहत्तर किलोमीटर लांब, आणि खोली सरासरी जेमतेम तीन-सव्वातीन मीटर. फेरीने पलीकडे सांतोदला गेलो तर काठापासून लांबवर माणसं कमरेएवढ्या पाण्यात निवांत उभी. बायको म्हणाली, "ह्यात कोण बुडणार रे? तुझा पिक्चर जरा जास्तच नाटकी वाटतोय."

मग दुपारी लांगोश खाता खाता (तळलेल्या पिठाचा हंगेरियन प्रकार, लसूण आणि आंबट क्रीम लावलेला, तेलकट, पण झकास) काठावरचा वादळाच्या इशाऱ्याचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मिनिटाला पंचेचाळीस वेळा म्हणजे सावध व्हा, नव्वद वेळा म्हणजे पाण्याबाहेर या. आमच्या डोळ्यांदेखत तो पंचेचाळीसवरून नव्वदवर गेला आणि पोहणारे अजिबात वाद न घालता बाहेर, आपल्याकडे असतं तर अर्धे लोक सेल्फी काढत बसले असते. उत्तरेकडून टेकड्यांवरून वारा उतरला, पाणी उथळ असल्यामुळे लाटा लगेच उठतात, त्या आखूड, तीव्र आणि एकामागून एक, होडीला सावरायला वेळच मिळत नाही. ही इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली १९३४ ला, म्हणजे पिक्चरच्या दुसऱ्याच वर्षी. पिक्चरमधल्या कोळ्यांकडे फक्त आभाळ होतं.

बायकोने नाटकी हा शब्द मागे घेतला नाही, पण परतीला "बसनेच जाऊ" म्हणाली.