व्हेनिसची वही: पाण्यालगतची पट्टी

व्हेनिसच्या जलरंगांच्या वहीत या खेपेला मी एकच विषय घेतला आहे, इमारत पाण्याला टेकते ती जागा. घुमट, मनोरे, कमानी सुंदर आहेतच, पण त्या इटलीत इतरत्रही भेटतात. भिंतीचा पाय थेट खाऱ्या पाण्यात, आणि ते पाणी दिवसातून दोनदा चढणार-उतरणार, हे मात्र इथलंच. चित्रात ही पट्टी नीट उतरली की वरची इमारत सैल सोडली तरी चालते, असं आता माझं ठाम मत झालं आहे.

पट्टी खालून वर वाचायची. तळाला शेवाळ, ओलं असताना जवळजवळ काळं. त्याच्यावर इस्त्रियाहून, म्हणजे समुद्रापलीकडच्या द्वीपकल्पावरून, आणलेला पांढुरका चुनखडी दगड. तो इतका घट्ट असतो की पाणी फारसं शोषत नाही, म्हणून जुन्या गवंड्यांनी तो पायाशी लावला. त्याच्यावर वीट आणि गिलावा. भरतीचं पाणी दगडाच्या वर पोचलं की वीट ते ओढून घेते. पाणी वाळतं, मीठ मागे राहतं आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून किती तरी भिंती वर गुलाबी-पिवळ्या आणि खाली उघड्या विटांच्या दिसतात. एवढं कारण कळल्यावर डाग कुठे पडतील ते हाताला आपोआप समजायला लागलं.

दगडाचं आणखी एक वैशिष्ट्य. आपल्याकडे पावसाचे ओघळ येतात तिथे भिंत काळी पडते. इथे उलट! जिथे पाऊस धुऊन काढतो तिथे हा दगड पांढरा राहतो आणि आडोशाला, कंगोऱ्यांच्या खाली काळा होतो. सावली आणि काजळी एकाच जागी येतात, त्यामुळे एकाच गडद वॉशमध्ये, म्हणजे पाणी घालून पसरलेल्या रंगाच्या थरात, दोन्ही कामं होतात.

रंगांचं सध्या असं चाललंय. दगडासाठी कागद कोरा ठेवून अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा अगदी पातळ राखाडी. विटेला लाइट रेड, त्यात ओलं असतानाच थोडा रॉ सिएना. शेवाळाला व्हिरिडियन आणि बर्न्ट अंबर, दाट, एका फटकाऱ्यात, वरची कड कोरड्या ब्रशने फाटकी. ही कड सरळ रेघ झाली की चित्र तिथेच मरतं.

या शेवाळाच्या कडेचं महत्त्व मला व्हेनिसचा चित्रकार कॅनालेत्तो याच्याकडून जास्त पटलं. त्याने अठराव्या शतकात रंगवलेल्या इमारतींवर ती इतकी काटेकोर आहे की शास्त्रज्ञ दारियो कामुफ्फो आणि सहकाऱ्यांनी तिची आजच्या कडेशी तुलना करून, तेव्हापासून व्हेनिसमध्ये पाणी सुमारे ६० सेंटिमीटर चढल्याचा हिशेब मांडला. त्यात समुद्र वर येणं आणि शहर खचणं, दोन्ही आलं. चित्रकाराने निष्ठेने रंगवलेली एक हिरवी रेघ शास्त्राला उपयोगी पडली, याचा मला फार आनंद होतो. कॅनालेत्तोची रेखाटनवही व्हेनिसच्या आकादेमिया संग्रहालयाकडे आहे. त्यात ग्रँड कनाल या मुख्य कालव्याच्या काठची घरं सलग पानांवर फक्त रेषेत काढली आहेत आणि रंगांच्या नोंदी आद्याक्षरांत केल्या आहेत. ही पद्धत मी उचलली आहे. जागेवर रेषा आणि अक्षरं, रंग नंतर.

वेळ घड्याळावर न ठरवता भरती-ओहोटीवर ठरवा. नगरपालिकेचं केंद्र रोजचा अंदाज जाहीर करतं. ओहोटीला शेवाळाची पूर्ण उंची आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या उघड्या पडतात, तीच आपली वेळ. १९६६ साली पाणी मोजमापाच्या ठरलेल्या शून्य पातळीपासून १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, २०१९ साली १८७. ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या भरतीला खाडीमुखांवरचे ७८ झडप-दरवाजे उचलतात, पण पाण्याची रोजची ये-जा चालूच असते.

प्रतिबिंबासाठी जुना नियम इथे पक्का लागू पडतो: उजेडातली वस्तू पाण्यात थोडी गडद दिसते आणि गडद वस्तू थोडी फिकट. अरुंद कालव्यात उन्हाची जाळी पुलाच्या कमानीच्या पोटाला थरथरते, ती मास्किंग फ्लुइडने (कागद कोरा राखणाऱ्या, नंतर सोलून काढायच्या द्रवाने) राखण्यापेक्षा वॉश ओला असताना ब्रशने उचललेली जास्त जिवंत वाटते.

गोंडोला काढताना मध्यरेषेवर आरसा धरल्यासारखी काढू नका. सुमारे ११ मीटर लांबीच्या या नावेची डावी बाजू उजवीपेक्षा जवळपास २४ सेंटिमीटर रुंद असते, कारण वल्हं एकच आणि तेही उजवीकडे. त्यामुळे रिकामी नाव उजवीकडे कलते. तो कल आला की नाव पाण्यावर बसते. सान त्रोवासोच्या नौकाशाळेसमोरच्या काठावर बसलात तर दुरुस्तीला ओढलेल्या गोंडोला तळासकट पाहायला मिळतात.

आता पुढचं पान सांता मारिया देल्ला सालुतेचं. १६३० च्या प्लेगनंतर बाल्दास्सारे लोंगेनाने उभं केलेलं हे चर्च दहा लाखांहून जास्त लाकडी खुंटांवर उभं आहे. सगळे घुमटाकडे धावतात. चित्रकार जॉन सिंगर सार्जंट मात्र गोंडोल्यात बसून खालूनच पाहायचा आणि वरचा भाग खुशाल कापायचा. मीही आडवा अर्धा शीट घेतलाय, घुमट कागदाबाहेर. पायऱ्या, त्यांची ओली कड आणि पुढचं पाणी एवढंच. पेन्सिल झाली आहे. पहिला वॉश रॉ सिएनाचा द्यायचा की थेट राखाडीने सुरुवात करायची, हे छोट्या तुकड्यांवर तपासतोय. रॉ सिएना जिंकेल असं दिसतंय, दगडाला त्याने ऊन येतं.