पालीला कूलर

"पालले कोन पोसस रे भो!" काचेच्या पेटीत डोकावत आजी म्हणाली. तेवढ्यात लेपर्ड गेकोने, म्हणजे आमच्या ठिपकेवाल्या पाळीव पालीने, डोळे मिटले. घरातल्या पालीला पापण्याच नसतात, त्यामुळे आजी जरा चपापलीच.

खाणं सोपंय. चिमट्यात जिवंत रातकिडा, कॅल्शियमच्या भुकटीत घोळवलेला, पांढराफटक.

पंचाईत घराची. म्हणे पेटीचं एक टोक ३२ अंशांवर तापवा, दुसरं २५च्या आसपास ठेवा. आता जळगावच्या मे महिन्यात तापवायचं काय? पारा ४५ला टेकतो! हीटिंग मॅट खोक्यातच पडलीय आणि फुटक्या माठाची ओली खापरी गेकोची गुहा झालीय. कूलरही आजीच्या खोलीतून इकडे आला. (त्यावरून घरात अबोला सुरू आहे.)

दुकानदार बजावतो, गरम ठेवा. गार कसं ठेवायचं, हे खान्देशात कोणाला विचारायचं?