लायसन लागत नाही म्हणून घेतलेली ई-बाईक

मी पुण्यात धायरीला इलेक्ट्रिक सायकली आणि ई-बाईकचं रिपेरिंग करतो. मध्यंतरी एक ताई गाडी घेऊन आल्या, तक्रार साधीच होती, उतारावर ब्रेक लागत नाही. त्या सिंहगड रोडच्या सोसायट्यांमध्ये जेवणाचे डबे पोचवतात, मागे कॅरियरला पेटी बसवून घेतलेली, पुढे पाय ठेवायच्या जागेत अजून एक भरलेली पिशवी. म्हटलं बसा, बघतो.

मागचं चाक उघडलं तर ब्रेकचे लायनर एकदम गुळगुळीत, चकाकायला लागलेले, आणि ब्रेकची केबल ताणून ताणून शेवटच्या आट्यावर आलेली. पंचवीसच्या स्पीडवर चालणाऱ्या गाडीचे लायनर इतक्यात असे होत नाहीत, म्हणून लायनर बदलून मोबाईलवर जीपीएस लावला आणि एक चक्कर मारून आलो, सपाट रस्त्यावर 46 पर्यंत गेली! परत येऊन सीटखालचं कव्हर काढलं. कंट्रोलर म्हणजे बॅटरीतून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा, त्यातून दोन बारीक पांढऱ्या वायरी बाहेर येतात, जोडलेल्या असल्या की स्पीडला लिमिट, सोडवल्या की लिमिट गेलं. इथे त्या सोडवून दोन्ही टोकांना काळी टेप नीट गुंडाळलेली होती, म्हणजे चुकून निघालेल्या नव्हत्या.

ताईंना विचारलं, हे कोणी केलं? तर म्हणाल्या, "दुकानदारानेच करून दिलं ना दादा, म्हणाला डबे असतात, चढ असतो, हळू गेलं तर परवडणार नाही. आणि लायसन नाही, पासिंग नाही, म्हणूनच तर घेतली."

इथेच लोकांची फसगत होते आणि मला याचा खरंच राग येतो. लायसन लागत नाही हे अर्धं खरं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये नियम 2(यू) आहे, त्यात बॅटरीवरच्या काही गाड्यांना 'मोटार वाहन' समजायचं नाही अशी सूट आहे, पण अटींवर. मोटरची अर्धा तास सलग देता येईल अशी ताकद 250 वॅटच्या आत पाहिजे, जास्तीत जास्त स्पीड ताशी 25 किलोमीटरच्या आत पाहिजे, ब्रेक नीट पाहिजेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर पाहिजे. पेडल असिस्टची सायकल असेल तर 25 ला पोचेपर्यंत मोटरचा जोर कमी कमी होत बंद पडला पाहिजे आणि पाय थांबले की त्याआधीच बंद. आणि मुख्य म्हणजे हे सगळं दुकानदाराने सांगून चालत नाही, नियम 126 मधल्या टेस्टिंग एजन्सीने तपासून मंजूर केलेलं पाहिजे. त्यातली एक, एआरएआय, इथेच कोथरूडला टेकडीवर आहे. यातली एक अट जरी मोडली तरी गाडी ॲक्टिव्हाच्या रांगेत जाऊन बसते, म्हणजे लायसन, पासिंग, इन्शुरन्स, हेल्मेट सगळं आलं.

मी वायरी परत जोडल्या, स्पीड खाली आला. पण माझं समाधान होईना कारण कंट्रोलरवर छापलेलं होतं 48 व्होल्ट 22 अँपिअर, म्हणजे हजार वॅटच्या वर, आणि मोटरवर स्टिकर 250 वॅटचं. आता पीक करंट जास्त असतो हे मान्य, क्षणभर 250 च्या वर गेलं तर नियम मोडत नाही, पण वॉट मीटर लावून गाडी चढावर घेतली तर ती पूर्ण चढभर 900 वॅटच्या आसपास ओढत राहिली आणि वर पोचल्यावर चाकाच्या हबला, जिथे मोटर असते, हात लावला तर जेमतेम कोमट! अडीचशेची मोटर असती तर हात ठेवता आला नसता. लॅबची टेस्ट ही नव्हे, पण स्टिकर खोटं आहे हे माझ्यापुरतं ठरलं. म्हणजे वायर जोडूनही ही गाडी सूटवाली होतच नव्हती.

तेवढ्यात ताई सहज बोलून गेल्या की संध्याकाळी मोठा मुलगा क्लासला हीच घेऊन जातो, दहावीला आहे. मी हातातला पाना खाली ठेवला. त्यांना बसवून नीट सांगितलं की आरटीओच्या वायुवेग पथकाने किंवा ट्रॅफिकवाल्यांनी धरलं तर विनापासिंगचा दंड 5 हजारांपर्यंत, विनालायसनचा वेगळा, विनाइन्शुरन्सचा वेगळा, आणि मुलगा अल्पवयीन असल्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकांना 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं एक वेळ सोडा ताई, उद्या कोणा म्हाताऱ्या माणसाला धक्का लागला तर भरपाई देणारी इन्शुरन्स कंपनीच नाही, दावा लागला की सगळी रक्कम तुमच्या घरातून. आणि 25 ऐवजी 45 ने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला सव्वातीन पट ऊर्जा गिळावी लागते, तुमचे ब्रेक का लागत नव्हते ते यातच आलं.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मग पासिंग करून घेऊ का? तेही होत नाही, कारण आरटीओत विक्रीचा दाखला फॉर्म 21 आणि कंपनीचा फॉर्म 22 मागतात आणि ज्या मॉडेलचं टाईप अप्रूव्हल, म्हणजे टेस्टिंग एजन्सीची मंजुरीच नाही त्याचा फॉर्म 22 येणार कुठून.

मी त्यांच्यासमोर दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, सगळेच करतात, कस्टमरच मागतात. मी वाद घातला नाही, एवढंच म्हटलं की या मॉडेलच्या टेस्टिंग एजन्सीच्या सर्टिफिकेटची कॉपी व्हॉट्सॲपला टाका. ती आली नाही. मग ताईंच्या बिलाचा फोटो, टेप लावलेल्या वायरींचा फोटो, कंट्रोलरच्या लेबलचा फोटो काढला आणि त्यांच्या नावाने साधं पत्र लिहून दिलं की सर्टिफिकेट द्या नाहीतर गाडी परत घेऊन पैसे द्या, नाही तर ग्राहक आयोगात तक्रार करते. रजिस्टर पोस्टाने पाठवायला सांगितलं, तोंडी भांडू नका म्हटलं.

दुकानदाराने थोडे आढेवेढे घेतले, पण गाडी परत घेतली, पैसे मात्र दोन हप्त्यांत दिले. ताईंनी लर्निंग लायसन काढलंय आणि हिरव्या नंबर प्लेटची, पासिंगवाली इलेक्ट्रिक स्कूटर हप्त्यावर घ्यायचं बघतायत, तोपर्यंत डबे नवऱ्याच्या जुन्या सायकलवर, तोच पोचवतो सकाळच्या शिफ्टला जायच्या आधी.

ई-बाईक घेणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो, दुकानात रेंज आणि किंमत विचारता तसं एआरएआय किंवा आयकॅटसारख्या एजन्सीचं सर्टिफिकेट मागा, त्यावरचं मॉडेलचं नाव बिलावरच्या नावाशी जुळवा, आणि "लिमिट काढून देऊ का" असं विचारणाऱ्या दुकानातून गाडीच घेऊ नका.