कोरं चित्र, दोन भाषा : आमची वाटचाल

बेळगावात टिळकवाडीत आमचं दुकान सुरू झालं ते डीटीपीचं. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळकरी पोरांचे प्रोजेक्ट, दुकानांच्या पाट्या. इथं पाटी म्हटली की कन्नड आलीच, सोबत मराठी, कोपऱ्यात इंग्रजी. एका चौकोनात तीन भाषा बसवायची हाताला सवय झाली होती. पुढचा धंदा, म्हणजे चित्रावर क्लिक केलं की तिथली माहिती उघडणाऱ्या स्लाइडी बनवायचा, त्याच सवयीवर उभा राहिला, असं मला वाटतं.

स्लाइडच्या कामाला लावलं ते खानापूर तालुक्यातल्या विज्ञानाच्या एका सरांनी. हृदयाची आकृती घेऊन आले आणि म्हणाले, "हिच्यावर नावं छापू नका. पोरगं जिथं बोट ठेवील तिथली माहिती उघडू दे." पॉवरपॉइंट आम्ही रोज वापरत होतो, पण एकामागून एक स्लाइड सरकवण्यापुरतंच. चित्रावर न दिसणारे आकार ठेवून त्यांना लिंक द्यायची, हे त्या कामात शिकलो.

यात झाकून ठेवण्यासारखं काही नाही, म्हणून सांगून टाकतो. अलिंद, निलय या हृदयाच्या कप्प्यांच्या कडेकडेनं फ्रीफॉर्मनं (हवा तसा आकार काढायच्या टूलनं) आकार काढायचा, त्याला त्याच फाइलमधल्या स्लाइडची लिंक द्यायची आणि बाह्यरेषा काढून टाकायची. मग आकार दिसेनासा करायचा. इथं बरेच जण 'नो फिल' करतात आणि क्लिक लागत नाही म्हणून वैतागतात. नो फिल केलं की आकार आतून पोकळ होतो, क्लिक आरपार जातं. रंग भरलेलाच ठेवायचा आणि ट्रान्सपरन्सी १०० टक्के करायची. दिसायला दोन्ही सारखंच, पण ह्यावर क्लिक लागतं. शिवाय स्लाइड शोच्या सेटिंगमध्ये 'किऑस्क' हा पर्याय लावायचा. नाहीतर पोरानं रिकाम्या जागी क्लिक केलं किंवा स्पेसबार दाबला की पुढची स्लाइड येते आणि उत्तर आधीच फुटतं. किऑस्कमध्ये लिंकशिवाय काही हलत नाही. बाहेर पडायला एस्केप.

काम दिल्यावर सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून बघितलं. 'डावं निलय दाखव' म्हटलं की पोरांचं बोट चित्राच्या डाव्या बाजूला जायचं, म्हणजे नेमकं उजव्या निलयावर. तिथं लाल फुली टाकणं सोपं होतं, पण सरांना ते नको होतं. मग त्या जागेलाही लिंक दिली आणि तिथं क्लिक केलं की उघडणारी स्लाइड ठेवली : 'हे हृदय तुझ्यासमोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं आहे. त्याचा डावा हात तुझ्या कुठल्या बाजूला येतो?' तेव्हापासून नवं काम आलं की आधी चुकीच्या जागा विचारून घेतो. बरोबर जागा पुस्तकात असतात, चुकीच्या फक्त शिकवणाऱ्याला ठाऊक असतात.

ते बघून शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंनी तेच मागितलं, आणि चित्र कोरं ठेवण्याचा खरा फायदा तेव्हा कळला. चित्राला हात लावावा लागला नाही, फक्त क्लिकनं उघडणाऱ्या स्लाइडी कन्नडमधून केल्या. आता प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात भाषेचं बटन असतं, दाबलं की तीच स्लाइड दुसऱ्या भाषेत. पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून आमच्या भागात काय काय होतं ते सांगायला नको. कोऱ्या चित्रावर तो प्रश्नच येत नाही.

फाँटनं मात्र बराच छळ केला. मराठी मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये यायचा, कन्नड नुडीत, आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर दोन्हीचा कचरा दिसायचा. आता युनिकोडशिवाय, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तीच राहतात त्या पद्धतीशिवाय, काम घेत नाही. विंडोजच्या निर्मला यूआय फाँटमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, वेगळं काही टाकावं लागत नाही.

शाळांच्या पैशावर दुकान चालत नाही, ते इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांवर चालतं. नव्या कामगाराला सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन, शिकवायचं काम असतं. कॅटलॉगमधलं चित्र आम्ही घेत नाही, त्याच मशीनचा फोटो काढतो. एका ठिकाणी पडद्यावर फोटो आला तसे जुने ऑपरेटर मामा म्हणाले, "आमचंच मशीन की ओ हे, दाराची मूठ तुटलेली!" फोटो एकच असतो, स्लाइडी पायऱ्यांइतक्या. पहिल्या स्लाइडवर क्लिकची जागा चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर), दुसरीवर दारावर, मग स्टार्टवर. दार लावायच्या आधी स्टार्ट दाबलं तर फोटो जागचा हलत नाही, खाली ओळ येते : 'आधी दार.' मराठी, कन्नड आणि हल्ली हिंदीतूनही.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्तीवरही एक काम केलं, कॉलेजच्या प्रदर्शनासाठी. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली ही बस्ती, म्हणजे जैन मंदिर. छतातल्या दगडी कमळाचा खालून काढलेला फोटो आणि पाकळ्यांवर क्लिकच्या जागा. टच स्क्रीनवर बोट माउसच्या बाणापेक्षा कितीतरी जाड, शेजारची पाकळी दाबली जायची. शेवटी जवळच्या पाकळ्या मिळून एकेक जागा केली.

दर आम्ही स्लाइडवर लावत नाही, चित्रावर आणि त्यातल्या जागांवर लावतो. कारण स्लाइडी वाढवणं सोपं, वेळ खातं ते कडेकडेनं आकार काढणं. काम द्यायचं असेल तर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा टाकू नका, तो दाबून लहान होतो आणि मोठ्या पडद्यावर फाटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन या. सोबत लोक कुठं चुकतात, तेही एका कागदावर लिहून आणा.